मदत पाहिजे: भावाच्या पायातले दाणे काढा लागते का? लवकर सांगा

कास्तकार_पोट्टा (रात्री ८:१२)
दादाच्या पायात डॉक्टरनं औषधाचे दाणे टाकले. वॉर्डात बाजूच्या खाटेवरचा म्हणे, हे महिन्याभरानं पुन्हा चिरून काढा लागते. त्याच्या साळ्यानं सांगितलं, नाही, इरघळते. कोणाचं खरं? उद्या नागपूरची एसटी धरू का नको, एवढंच सांगा. लय लेक्चर नको.

वर्धेकर (८:२०)
कोणतं हाड? ऑपरेशन कधीचं? आत रॉड आहे का प्लेट? दाणे कशाचे? दादाचं वय, शुगर? एवढ्यावर कोण काय सांगणार भाऊ.

कास्तकार_पोट्टा (८:२६)
पायाचंच हाड ना. गाडीवरून पडला होता. दाणे पांढरे, तुरीएवढे.

रिंगवाला (८:३१)
दाण्याबिण्याच्या नादी लागू नका. माह्या मोठ्या बाबाचं हाड सडलं होतं, पायाभोवती बाहेरून लोखंडी रिंग लावली अन् चालते झाले. इलिझारोव्ह म्हणतात त्याले, रशियातल्या कुर्गानचा डॉक्टर होता. नट फिरवून दिवसाले एक मिलिमीटर हाड वाढवतात. आम्ही घरीच पाना घेऊन फिरवायचो, चार वेळा पाव-पाव.

वर्धेकर (८:३५)
तो दाण्याचं विचारून रायला, तुम्ही पाना घेऊन बसले.

रिंगवाला (८:३७)
तुमच्या घरी कोणाचा पाय सडला होता का? मंग?

जुना_फार्मासिस्ट (८:४९)
बाजूच्या खाटेवरचाही बरोबर अन् त्याचा साळाही बरोबर. दाणे दोन जातीचे असतात.

पहिले बोन सिमेंटचे. सांधा बदलताना वापरतात तेच, त्यात जेंटामायसिन किंवा व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक मिसळलेलं. सिमेंट घट्ट होताना चांगलंच तापते, म्हणून उष्णता झेलणारंच औषध त्यात चालते. हे विरघळत नाही. औषध झिरपून गेलं की मागं नुसता खडा उरतो, अन् त्याच्यावरच जंतू बसू शकतात. म्हणून तारेत माळ ओवून ठेवतात अन् काही आठवड्यांनी काढतात.

दुसरे कॅल्शियम सल्फेटचे. हे शरीरात विरघळून जाते, काढा लागत नाही. डिस्चार्ज कार्डावर काय लिहिलं ते पाहा, म्हणजे विषय संपला.

संत्रा_बागायतदार (८:५५)
कॅल्शियम सल्फेट म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसच ना? गणपतीचं पीओपी हाडात? काय राजेहो!

जुना_फार्मासिस्ट (९:०३)
जात तीच, पण शुद्ध केलेलं अन् निर्जंतुक. नवीन खूळ नाही हे. १८९२ मध्ये ड्रेसमान नावाच्या जर्मन डॉक्टरनं हाडातली पोकळी प्लास्टरनं भरली होती, त्यात कार्बोलिक हे जंतुनाशक टाकून.

भाकरी_ठेचा (९:०८)
पण गोळ्या-सुया असताना दाणे कायले? बिल फुगवाची कामं.

जुना_फार्मासिस्ट (९:१९)
ताई/दादा, मेलेल्या हाडात रक्त पोचत नाही. गोळी येते रक्तातून, तं ती तिथं पोचणार कशी? अन् रॉडवर जंतू बुळबुळीत थर करून बसतात. टाक्यातलं शेवाळ पाहिलं ना, वरून पाणी ओतलं तं निघते का? घासाच लागते. तसंच आधी सडलेलं हाड खरवडून काढतात, मंग उरलेल्या पोकळीत दाणे भरतात. तिथल्या तिथं एवढं औषध सुटते की तेवढं नसेतून दिलं तं किडनीले झेपणार नाही. नुसते दाणे टाकून, सडलेलं आत ठेवून, काही होत नाही.

गावचा_माणूस (९:२२)
आमच्या इकडं हाडवैद्य आहे, तेलाची पट्टी बांधते. तीन पट्ट्यांत गुण.

वर्धेकर (९:२४)
पू येणाऱ्या जखमेवर तेल? हात जोडतो तुमाले.

संत्रा_बागायतदार (९:२६)
फिनलंडवाल्यांनी काचेचे दाणे काढले म्हणतात, त्यात अँटिबायोटिक टाकाच लागत नाही. काच विरघळताना आजूबाजूचा खार एवढा वाढते की जंतूच जगत नाही. आपल्याकडं कोणाले टाकले का?

सरकारी_बाबू (९:३०)
महात्मा फुले योजनेसाठी रेशन कार्ड अन् आधार दोन्हीवर नाव सारखं पाहिजे. स्पेलिंगमध्ये फरक असला तं आधीच दुरुस्त करा. दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असते, तिथं जा.

कास्तकार_पोट्टा (९:४१)
कार्ड सापडलं. टिबिया म्हणजे नडगीचं हाड, आत रॉड आहे. अपघाताले चार महिने झाले, हाड बाहेर आलं होतं तवा. आता खरवडलं अन् "कॅल्शियम सल्फेट + व्हँको" लिहून आहे. १२ दिवस झाले. म्हंजे काढा लागत नाही. पण टाक्याच्या टोकातून दुधासारखं पाणी येऊन रायलं, पट्टी ओली होते. त्याच्यासाठीच तं एसटीचं विचारलं.

वर्धेकर (९:४३)
हे आधी सांगायचं होतं ना माणसा!

जुना_फार्मासिस्ट (९:५२)
हे दाणे विरघळताना असं पांढुरकं पाणी बऱ्याच जणांले येते, अन् तो पूच असते असं नाही. पण फोनवर पाहून पू आहे का नाही हे कोणीच सांगू नये, मी पण नाही. ताप, वास, लाली, दुखणं वाढलं, यातलं काही आहे का? नसलं तरी उद्या जाच. सीआरपी, म्हणजे सूज-जंतुसंसर्गाची रक्ततपासणी करतील, एक्सरेत दाणे किती उरले तेही दिसते. राहिलेली अँटिबायोटिकची गोळी घरून घेऊ नका, तपासणीत जंतू सापडत नाही मंग. अन् दादा खर्रा खाते का?

कास्तकार_पोट्टा (९:५५)
ताप नाही. वास थोडा वाटते, का पट्टीचाच असेल. खर्रा... दिवसाले तीन-चार.

रिंगवाला (९:५८)
तंबाखूनं हाड लवकर जुळत नाही. आमच्या मोठ्या बाबानं रिंग होती तवर सोडला होता. रिंग निघाली त्याच दिवशी पुन्हा धरला, ते वेगळं.

भाकरी_ठेचा (१०:०१)
विषय निघालाच तं, कापसाचा भाव कोणी पाहिला का आज?

कास्तकार_पोट्टा (१०:०४)
साडेपाचची धरतो. जुना एक्सरे, कार्ड, सगळं पिशवीत घातलं.

सरकारी_बाबू (१०:०६)
पांढरकवड्यावरून ती भरूनच येते. कंडक्टरले आधीच सांगून ठेवा, पाय लांब कराले जागा देते. अन् रेशन कार्ड विसरू नका.