राज्याभिषेक रायगडावर झाला, मग त्यात मराठवाड्याचं काहीच नाही का?

वेरूळकर: ६ जून आला की सगळे रायगडाचे फोटो टाकायलेत, टाकावेच, मी पण टाकतो. पण १६७४ ला महाराजांना अभिषेक करणारे गागाभट्ट काशीचे एवढं सांगून लोक थांबतात. अहो ते घराणं मूळ आपल्या पैठणचं! अन् भोसले तर आमच्या वेरूळचे, मालोजीराजांनी घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला. परवा पाव्हण्यांना घेऊन गेलो तर लेण्यांपाशी गाडी लावायला जागा नाही आणि शहाजीराजांच्या गढीत आम्ही चौघंच. पुण्या-साताऱ्याकडचे स्वराज्य त्यांचंच असल्यासारखं बोलतात ते लई लागतं मनाला.

जालनेकर: भाऊ, वेरूळचं मान्य. पण गागाभट्टांना ओढून आणू नका. पैठण सोडलं ते त्यांच्या खापरपणजोबांनी, रामेश्वरभट्टांनी. त्यांना बोलावलं ते काशीतल्या वजनामुळं, कारण इथले बरेच पंडित महाराजांना क्षत्रिय मानायला तयार नव्हते. आणि तेव्हा औरंगाबाद म्हणजे मुघलांचं दख्खनचं ठाणं. १६७९ ला महाराजांच्या फौजेनं आमचं जालना लुटलं ते मुघलांची श्रीमंत पेठ म्हणूनच ना? मग सोहळ्यात आपला वाटा कुठला सांगता?

वेरूळकर: अंमल मुघलांचा होता म्हणून माणसं मुघलांची झाली काय? विधी नीट बघा. चव्वेचाळीसाव्या वर्षी आधी मुंज करावी लागली, बायकांशी परत समंत्रक लग्नं लावावी लागली, वंशावळ पार उदयपूरच्या शिसोदियांपर्यंत न्यावी लागली. ज्या घराण्याकडं वेरूळची पाटीलकी होती त्याला गादीवर बसायला एवढे पुरावे द्यावे लागले, हेच मला खुपतं. तिथं वेरूळचं नाव कमी पडलं अन् आज पण कमीच पडायलंय.

मूळ बीड, नोकरी साताऱ्यात: इकडचे सगळे एक आहेत असं धरू नका. १७०८ ला साताऱ्यात शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला तरी ताराराणींनी आपल्या मुलाचा हक्क सोडला नाही, कोल्हापूरची गादी वेगळी झाली, अन् १७३१ च्या तहात वारणा नदी हद्द ठरली. कोणती गादी थोरली यावर माझ्या ऑफिसात दोघं जण अजून डबा खाता खाता भांडतात, आणि मी वेरूळचं नाव काढलं की दोघंही गप्प होतात, कारण दोन्ही गाद्या तिथल्याच घराण्याच्या.

जालनेकर: हे पटलं. गढीच्या देखभालीसाठी अर्ज लिहा, पहिली सही माझी. गागाभट्टांबद्दल मात्र माझं म्हणणं तेच.