मदत हवी आहे: नागपूरजवळ चढाचा रनिंग रूट सांगा, जरा लवकर

धावती_बेसा
नमस्कार मंडळी. मी रोज पळते. आता मला चढाचा रस्ता पाहिजे, खेड्याकडचा, हिरवागार, गाड्या कमी असलेला. अंबाझरी, फुटाळा सगळं करून झालं, कंटाळा आला, आणि तिथं चढ म्हणावा असं आहे काय? रविवारी सकाळी निघायचं आहे म्हणून प्लीज लवकर सांगा. गूगल कर असं कोणी सांगू नका, ते करूनच इथं आली.

टीव्ही_टॉवर_चौक
सेमिनरी हिल्स. विषय संपला.

फेटरीकर
किती किलोमीटर पळता? गाडी आहे की बसनं जाणार? एकट्या की ग्रुप? किती वाजेपर्यंत परत यायचं आहे? काहीच लिहिलं नाही तुम्ही, सांगावं तरी काय.

धावती_बेसा
चढ पाहिजे असं लिहिलं ना वर. बाकी कशाला लागते.

तर्री_मारके
भाऊ काटोल नाक्याकडून गोरेवाड्याच्या बाजूनं जाऊन पाहा, सकाळी सहाला एकदम मस्त वाटते, झाडी झुडपी, मोर ओरडून राहतात, आणि परत येताना पोहे.

धावती_बेसा
भाऊ कोण? "पळते" लिहिलं आहे.

तर्री_मारके
सॉरी ताई. पोह्याचं मात्र खरं आहे.

फेटरीकर
@तर्री_मारके तुम्ही एकट्या बाईले अंधारात गोरेवाड्याच्या झुडपात पाठवून राहिले का? बिबट आहे तिकडे, गोरेवाड्याच्या प्राणिसंग्रहालयातला नाही, बाहेरचा. आम्ही त्या बाजूले राहतो, आम्हाले माहीत आहे. उजाडल्याशिवाय नाही, अन कानात गाणे लावून तर बिलकुल नाही.

जिम_लव्हर_नागपूर
कायले इतक्या दूर जाता? ट्रेडमिलवर इन्क्लाइन सहावर टाका, एसीत पळा. शंभर मीटरला सहा मीटर चढ झाला, आणखी काय पाहिजे. ना पाऊस, ना कुत्रे.

धावती_बेसा
हिरवागार लिहिलं आहे मी. जिमची भिंत हिरवी आहे का तुमच्या?

टीव्ही_टॉवर_चौक
सेमिनरी हिल्स हिरवीच आहे.

रविवारचा_सायकलस्वार
हिंगण्याच्या पुढे मोहगाव झिल्पी तलाव. आम्ही सायकलवाले नेहमी जातो. रस्ता खालीवर खालीवर होत राहतो, पावसाळ्यात दोन्ही बाजूला धान नाही पण पऱ्हाटी अन तूर, मधात टेकड्या, तलाव भरला की बघायला मजा. तुमच्या बेसा भागातून त्यातल्या त्यात जवळ पडते. लांब सलग चढ नाही, पण पायाला समजते.

मिहान_नाईटशिफ्ट
नागपुरात चढ म्हणजे फ्लायओव्हर. कामठी रोडचा तो डबल डेकर पाहा ना, वरून मेट्रो, मधात गाड्या, खाली रस्ता. पहाटे चारला आमची शिफ्ट सुटते तेव्हा त्याच्यावर काळं कुत्रं नसते. 😀

फेटरीकर
फ्लायओव्हरवर पळू नका हो कोणी. ना फुटपाथ, ना साईडपट्टी, अन चारचाकीवाले शंभरनं येतात. गंमत म्हणून सांगितलं तरी कोणीतरी जाईल.

खिंडसी_कॅम्प
रामटेक. मानसरवरून आत वळायचं, नागपूरवरून पन्नासेक किलोमीटर. गडमंदिरापर्यंत डांबरी रस्ता जातो, पहाड चढतच राहते, वळणं आहेत, खाली खिंडसीचं पाणी दिसते. दुसऱ्या बाजूनं अंबाळा तलावावरून पायऱ्या आहेत. पण कशासाठी पाहिजे आहे हे सांगा ना ताई, नुसतं फिरायला का तयारीला?

धावती_बेसा
तयारीला. सप्टेंबरमध्ये सातारा हिल हाफ मॅरेथॉन आहे, रजिस्ट्रेशन झालं आहे.

फेटरीकर
अहो मग हे पहिल्याच ओळीत लिहायचं ना!! आम्ही इथं बिबट मोजून राहिलो.

धावती_बेसा
मला वाटलं चढाचा रूट म्हटलं की समजेल.

साताऱ्याहून_परत
आता बोलता येते. मी पळलो आहे ती. एकवीस किलोमीटर, शहरातून निघून यवतेश्वर घाट चढायचा अन त्याच रस्त्यानं खाली यायचं. नागपूरचे लोक चढाची काळजी करतात, आपण इथं तीनशे दहा मीटरवर सपाटीत राहतो म्हणून ते साहजिक आहे. पण चढावर माणूस चालून घेतो, मार बसतो तो उतारावर. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणल्या जात असतानाच ब्रेक मारत असतो, सवय नसली की दुसऱ्यातिसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही, रेलिंग धरून उलटं उतरावं लागते. म्हणून जिममधल्या इन्क्लाइननं अर्धीच तयारी होते, मशीन वर नेते, खाली आणत नाही.

जिम_लव्हर_नागपूर
डिक्लाइनवाली मशीन पण येते, माहिती घेऊन बोला.

साताऱ्याहून_परत
किती जिममध्ये पाहिली?

जिम_लव्हर_नागपूर
येते म्हटलं ना.

गुडघे_सांभाळा
उतारावर पळल्यानं गुडघे जातात. माझ्या साळ्याचे गेले. चाळिशीनंतर पळूच नये, चालावं. सकाळी मेथीचे दाणे भिजवून घ्या.

साताऱ्याहून_परत
एकदम जास्त केलं तर काहीही जाते. पावलं छोटी टाकायची, टाच पुढे फेकायची नाही, मागे झुकायचं नाही. पहिल्या आठवड्यात दोनतीनच फेऱ्या उताराच्या. साळ्यानं काय केलं होतं ते सांगा.

गुडघे_सांभाळा
तो कबड्डी खेळायचा.

शूज_पागल
ताई, तुम्ही सोलमध्ये कार्बन प्लेट असलेले रेसिंग शूज घेऊ नका, डांबरावर ओल असली की सोल घसरते, साधे ग्रिपवाले घ्या. सेल लागला आहे, लिंक देऊ का?

धावती_बेसा
शूज आहेत माझ्याकडे!! रूट सांगा.

अचलपूरचा_पोट्टा
तुम्ही सगळे टेकड्याच सांगून राहिले. घाट पायजे त चिखलदऱ्याले या. १११८ मीटर उंच आहे, विदर्भात असा सलग चढ दुसरा कुठं आहे सांगा. परतवाड्यावरून दोन रस्ते आहेत, एक धामणगाव गढीवरून, एक घटांगवरून. जुलैत धुकं असं उतरते का समोरची एस्टी हॉर्न वाजवल्यावर समजते. एका शनिवारी मुक्काम करा, सकाळी घाटात पळा, मंग भीमकुंड, देवी पॉइंट. कॉफीचे मळे पण दिसतीन.

फेटरीकर
मेळघाट आहे ते भाऊ. वाघ, अस्वल दोन्ही. अन धुक्यात समोरची एस्टी दिसत नसेल तर एस्टीवाल्याले पळणारी बाई दिसन का?

अचलपूरचा_पोट्टा
आम्ही जन्मलो तिथं. उजाडल्यावर जायचं, सोबत मागे एक गाडी ठेवायची, चमकणारं जॅकेट घालायचं. इतकं भ्यायचं असन त फुटाळ्यालेच गोल गोल फिरा.

नवरगाव_नेचर
पेंचमध्ये रनिंग अलाऊड आहे का?

खिंडसी_कॅम्प
नाही. व्याघ्र प्रकल्प आहे तो, पायी फिरायचं नाही. पावसाळ्यात कोअर, म्हणजे आतला गाभा, तसाही बंद असतो.

नवरगाव_नेचर
मग सफारी कधी चालू होते? आमच्याकडे पुण्याचे पाहुणे येऊन राहिले.

खिंडसी_कॅम्प
वेगळा धागा काढा.

साताऱ्याहून_परत
@धावती_बेसा माझ्या मते असं करा. मधल्या वारी एक दिवस सेमिनरी हिल्स, कारण ऑफिसच्या आधी तेच जमते, फुटाळ्याकडून वर यायचं अन परत उतरायचं, जितक्या फेऱ्या होतील तितक्या. रविवारी रामटेक. गडाचा चढ घाटाएवढा लांब नाही, म्हणून रिपीट मारावे लागतात, म्हणजे तोच चढ पुन्हा पुन्हा, वर चढताना श्वास बोलण्याइतका राहिला पाहिजे, अन उतार फुकटचा समजायचा नाही. रेसच्या तीनचार आठवडे आधी एकदा चिखलदरा केलं तर सोनं, नाही जमलं तरी चालते. शेवटचे दोन आठवडे मोठा उतार नको.

टीव्ही_टॉवर_चौक
मी पहिल्याच कमेंटमध्ये सेमिनरी हिल्स म्हटलं होतं.

खिंडसी_कॅम्प
रामटेकला पायऱ्यांनी उतरू नका सध्या, शेवाळ धरलं आहे, रस्त्यानंच या. अन हातात काही खायचं ठेवू नका. लंगूर पिशवीचा आवाज ओळखतात, एनर्जी जेल पण सोडत नाहीत, एकानं माझ्या मित्राच्या हातातलं घेऊन, झाडावर बसून, कोपरा दातानं फाडून, चाटून साफ केलं अन रिकामं पाकीट खाली टाकलं.

शूज_पागल
कोणता फ्लेवर होता?

धावती_बेसा
ठीक, रामटेक फायनल. सोबत एक मैत्रीण आहे, स्कूटी नाही, कार आहे, बारापर्यंत घरी पाहिजे. (घ्या, सगळे डिटेल दिले.) गाडी खाली लावायची की वर?

खिंडसी_कॅम्प
खाली गावात लावा, नाहीतर पहिला चढ गाडीच चढेल.

फेटरीकर
वर लावा. पाऊस आला तर भिजत खाली येण्यापेक्षा वर गाडी जवळ असलेली बरी, मंदिराजवळ माणसं पण असतात.

खिंडसी_कॅम्प
मग सुरुवातच उतारानं होईल ना, थंड पायानं.

फेटरीकर
आधी वर वॉर्मअप करायचा.

तर्री_मारके
मानसर फाट्यावर थांबणार असाल तर पोहे सातच्या आधी नाही मिळत, येताना खा. मी पण येऊ का रविवारी? पळणार नाही, खाली थांबतो.