मोंद्रियानची नक्कल: काळ्या रेघांच्या कडा दातेरी येतात

रेघोटी: ॲक्रिलिक शिकायला डच चित्रकार मोंद्रियानचं १९३०चं लाल-निळं-पिवळं चौरस चित्र घेतलंय. १२ इंची कॅनव्हास बोर्ड, मास्किंग टेप. टेप काढली की काळ्याच्या कडा दातेरी. लालमध्ये ब्रशचे पट्टे, पिवळ्यातून पेन्सिल दिसते. कुठे चुकतंय?

खरकागद: कडांचं दुखणं कॅनव्हासच्या विणीत आहे. धाग्यांमधल्या खळग्यांवर टेप बसत नाही, तिथून रंग आत शिरतो. पुढच्या बोर्डावर जेसोचे (रंगाआधी देतात त्या पांढऱ्या अस्तराचे) आणखी दोन हात द्या, प्रत्येक हात वाळला की २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. टेपची कड चमच्याच्या पाठीने दाबा आणि काळ्याआधी तिच्यावरून पारदर्शक मॅट मीडियम (रंगद्रव्य नसलेलं ॲक्रिलिक) पातळ फिरवा. जे काही पाझरायचं ते मीडियमच पाझरतं, फट बुजते. ते वाळलं की काळा. काळा ओलसर असतानाच टेप मागे दुमडून तिरकी, सावकाश ओढा. कडक वाळल्यावर ओढलीत तर रंगाची साय सोबत निघते. खालचा रंग मात्र एक दिवस वाळलेला हवा.

पॅलेटवाली: बरेचसे पिवळे पारदर्शक असतात. पहिल्या हातात थोडा टायटॅनियम व्हाइट मिसळा, वर शुद्ध पिवळ्याचे दोन हात. पेन्सिल फक्त काळ्या पट्ट्याखाली जाईल तिथेच ओढा. लाल चौकोन सगळ्यात मोठा, तीन हातांना १५ मिली तरी लागेल. एक इंची चपटा ब्रश, पाण्याचे चार थेंब, आणि अर्धवट वाळलेल्या भागावर परत जायचं नाही. पट्टे तिथेच पडतात. (मूळ तैलचित्रातही ब्रशच्या खुणा आहेत. गुळगुळीत असतं ते पोस्टर.)

गुण्या: मूळ चित्र सुमारे ४६ सेंमीचं, म्हणून तुमच्या बोर्डासाठी प्रत्येक मापाला ०.६६ ने गुणा. सगळ्या रेघा एकाच जाडीच्या काढू नका! डावीकडची, दोन पांढऱ्यांमधली आडवी रेघ इतरांपेक्षा जाड आहे. ती बारीक केलीत की लाल उजवीकडे कलंडतो. आधी रंग, मग पांढरे, काळा शेवटी. रंग काळ्या पट्ट्यात २ मिमी आत न्या, पण कडेला पातळ, नाहीतर काळ्याखाली उंचवटा दिसतो.

रेघोटी: माझ्याकडचा काळा आयव्हरी ब्लॅक आहे, चालेल?

पॅलेटवाली: दोन-तीन हात द्यावे लागतील. मार्स ब्लॅक जास्त झाकतो, बहुतेक एका हातात भागतं.