अनुभव धागा: टायपिंगनं हात दुखू नयेत म्हणून नेमकं काय बदलायचं?

सातारा-सांगलीकडचे टायपिंग क्लासवाले, हिशेबनीस, डीटीपीवाले (संगणकावर छपाईची पानं लावणारे), फिजिओ, सगळ्यांनी लिहा. 'नीट बसा' एवढंच नको. किती इंच, कुठलं बोट आणि का, ते सांगा.

टायपिंग क्लास, सातारा
स्पीड मिनिटाला ३० शब्दांवरून ४० वर न्यायचा म्हटलं की मुलं मनगटं टेबलावर टेकवतात. बिघडतं ते तिथंच. मनगट रोवलं की हात सरकत नाही आणि लांबच्या बटणासाठी बोट ताणावं लागतं. पंजा अधांतरी ठेवून हात कोपरापासून हलवायचा. टेकायचं ते थांबल्यावर. कीबोर्डचे मागचे पाय मिटून ठेवा, उघडले की मनगट वरच्या बाजूला मोडतं.
इनस्क्रिप्टमध्ये (भारतीय लिप्यांसाठीची बटणांची मांडणी) 'ख' हवा तर 'क'चं बटण उजव्या मधल्या बोटानं आणि शिफ्ट डाव्या करंगळीनं. दोन्ही उजव्याच हातानं दाबलं की बोटं फाकतात, मनगट तिरकं होतं. 'आ'ला याच्या उलट, शिफ्ट उजवीकडचं.

टॅलीचं (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं) काम, मार्केट यार्ड, सांगली
हळद-बेदाण्याच्या सौद्यांत दिवसभर आकडेच. उजवा हात नमपॅडवर (कीबोर्डच्या उजवीकडची आकड्यांची बटणं), माउस त्याच्याही पलीकडे, म्हणजे खांदा सतत बाहेर. माउस डावीकडे घ्या, आठवडाभर अवघड जातं, मग बसतं. नमपॅड नसलेला छोटा कीबोर्ड घ्या असं हिशेबनिसाला कृपया सांगू नका, वरच्या ओळीतून आकडे मारण्यात हात जास्त शिणतो.
टेबल बहुधा ३० इंच उंच असतं. पाच फूट दोन इंचांच्या बाईचं कोपर त्याच्या खाली राहतं, म्हणून खांदे उचलले जातात. खुर्चीवर घट्ट गादी टाकून कोपर कीबोर्डच्या पातळीला आणा. पाय लोंबकळले तर खाली दोन विटा, वर फळी.

फिजिओथेरपिस्ट, मिरज
प्रत्येक दुखणं कार्पल टनेल नसतं. मनगटातल्या त्या अरुंद बोगद्यातून बोटं मिटणाऱ्या नऊ कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) आणि एक नस जाते. ती नस दाबली तर अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते, बहुधा रात्री. करंगळी बधिर असेल तर कोपराकडे बघा, टेबलाच्या कडेवर कोपर टेकवून बसता का? अंगठ्याच्या मुळाशी मनगटात दुखत असेल तर स्पेसबारइतकाच मोबाईलही कारण असतो.
रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा लावा. दुखत्या हातानं चेंडू दाबत बसू नका, दमलेल्या कंडरांनाच पुन्हा कामाला लावता. दर २०-२५ मिनिटांनी हात मांडीवर सैल सोडा, अर्धा मिनिट पुरे. हातातून वस्तू निसटायला लागली किंवा अंगठ्याखालचा मांसल भाग बसला तर घरचे उपाय थांबवून डॉक्टर गाठा. मधुमेह, थायरॉईड, गरोदरपण असेल तर अजिबात लांबवू नका.

डीटीपी, कराड
जुन्या कीबोर्डातलं रबर कडक होतं, मग नकळत ठोकायची सवय लागते. बटणं अडायला लागली की कीबोर्ड बदला. साध्या मेकॅनिकल स्विचमध्ये (प्रत्येक बटणाखाली रबराऐवजी स्वतंत्र स्प्रिंग) बटण ४ मिमी खाली जातं, अक्षर मात्र सुमारे २ मिमीवरच उमटतं. तळाला आपटायची गरजच नसते.
मनगटाखालची जेलची पट्टी चालेल का?

टायपिंग क्लास, सातारा
थांबताना चालेल, तीही तळहाताच्या गादीखाली. मनगटाच्या आतल्या बाजूखाली नको, नस तिथंच असते.