थंडरबर्डमध्ये गूगल कॅलेंडर दिसेना, मंगल कार्यालयाच्या बुकिंगसाठी मदत हवी आहे

आंबाजोगाईकर:

नमस्कार मंडळी. आमचं आंबाजोगाईत छोटं मंगल कार्यालय आहे. इथल्या तारखा वडील वहीत लिहितात, आणि पुण्याचा चुलतभाऊ तिकडून गिऱ्हाईक लावतो. योगेश्वरी कुलदैवत असलेली पुण्या-कोकणातली मंडळी मुंज, बोडण, कुळाचाराचं जेवण असं काही ना काही घेऊन येतात, ते सगळं त्याच्याकडून. दोन्हीकडच्या तारखा एकमेकांवर येऊ नयेत म्हणून त्यानं गूगल कॅलेंडरवर 'कार्यालय तारखा' असं एक कॅलेंडर काढलंय आणि वहीतलंही सगळं त्यात चढवलंय.

मोबाईलवर ते नीट दिसतं. पण वडिलांना मोबाईलवरचं बारीक वाचता येत नाही. काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड दिवसभर उघडा असतो (केटरिंगवाल्यांची कोटेशनं, सीएंचे मेल त्यातच येतात), आणि त्यातल्या कॅलेंडरचा महिन्याचा तक्ता चांगला मोठा आहे. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना तिथंच तारीख बघता आली पाहिजे, एवढंच हवंय. ब्राउझर उघडून बघा म्हणू नका, मशीन जुनं आहे, विंडोज ७, ब्राउझर उघडेपर्यंत गिऱ्हाइकाचा चहा संपतो.

भावानं गूगलच्या सेटिंगमधला 'आयकॅल' पत्ता पाठवला. तो थंडरबर्डात 'न्यू कॅलेंडर', मग 'ऑन द नेटवर्क' असं करून टाकला. डावीकडं नाव आलं, पण त्याच्यापुढं पिवळा त्रिकोण, आणि महिना सगळा कोरा. पत्त्याऐवजी माझा जीमेल टाकला तर माझं स्वतःचं कॅलेंडर दिसायलंय, भारतातल्या सुट्ट्या दिसायल्यात, फक्त भावाचं तेवढं दिसेना. काय राहिलंय?

भारतात_परभणी:

दादा, थंडरबर्ड कितवा आहे ते आधी सांगा. विंडोज ७ वर ११५ च्या पुढचा चढत नाही. ११५ असेल तर काम होऊन जाईल, त्यात कॅलेंडर आतच असतं. पूर्वी 'लाइटनिंग' नावाचं वेगळं ॲड-ऑन टाकावं लागायचं, नेटवरच्या जुन्या लेखांत अजून तेच सांगितलेलं असतं. ते शोधत बसू नका.

त्रिकोणाचं कारण बहुतेक असं. गूगल प्रत्येक कॅलेंडरला दोन आयकॅल पत्ते देतं, एक सार्वजनिक आणि एक गुप्त. सार्वजनिक पत्ता कॅलेंडर सगळ्या जगाला खुलं केलं असेल तरच चालतो. भावानं तो पाठवला असेल आणि कॅलेंडर खाजगी असेल तर थंडरबर्डला तिथं काहीच सापडत नाही. पत्त्यात 'पब्लिक' आहे की 'प्रायव्हेट' तेवढं बघा.

आंबाजोगाईकर:

११५ च आहे. आणि पत्त्यात 'पब्लिक' आहे. मग भावाला कॅलेंडर पब्लिक करायला सांगू का?

भारतात_परभणी:

अजिबात नको! नोंदींत वधूपित्याचं नाव, मोबाईल नंबर, ॲडव्हान्स किती दिला हे सगळं असणार ना?

घाटनांदूर_फाटा:

पब्लिक करू नका, आणि तो गुप्त पत्ताही व्हॉट्सॲपवर मागवू नका. त्याला पासवर्ड नसतो. पत्ता ज्याच्या हाती लागला त्याला सगळं कॅलेंडर वाचता येतं. कधी चुकीच्या ग्रुपवर गेलाच तर त्याच सेटिंगमध्ये 'रीसेट' आहे, जुना पत्ता बंद होऊन नवा मिळतो.

तुम्ही जीमेल टाकून जे केलं तोच रस्ता बरोबर आहे. आयकॅल पत्ता म्हणजे वाचायची फाईल, तिच्यातून फक्त बघता येतं. जीमेल टाकल्यावर थंडरबर्ड 'कॅलडॅव्ह'नं जोडतो, तिथं परवानगी असेल तर लिहिताही येतं. आता तुम्हाला फक्त भावाचं कॅलेंडर तुमच्या खात्यात आणायचंय.

भावाला म्हणावं, कॉम्प्युटरवरून त्या कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये जा आणि तुमचा जीमेल टाकून शेअर कर. तुम्हाला मेल येईल, त्यातली लिंक दाबून ते कॅलेंडर तुमच्या खात्यात घ्यायचं. ही पायरी खूप जण सोडतात. नुसतं शेअर केल्यानं ते आपोआप तुमच्या यादीत येत नाही. हे एकदाच करायचंय, मोबाईलच्या ब्राउझरमधूनही होईल.

मग थंडरबर्डात परत 'न्यू कॅलेंडर', 'ऑन द नेटवर्क', जीमेल, 'फाइंड कॅलेंडर्स'. यादीत 'कार्यालय तारखा' आलं की टिक करून 'सबस्क्राइब'. आधीचं त्रिकोणवालं काढून टाका. गूगलची लॉगिनची खिडकी मध्येच अडली तर थंडरबर्डच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये कुकीज चालू आहेत का बघा, त्या बंद असतील तर लॉगिन पुढं सरकत नाही.

आंबाजोगाईकर:

आलं! वडील खूश. पण आता दुसरंच निघालं. देशपांडेवाडीच्या लग्नाचा मुहूर्त दुपारी १२:३५ चा आहे, मोबाईलवर तसाच दिसतो. थंडरबर्डात तेच लग्न सकाळी ७:०५ ला लागायलंय! सगळ्याच वेळेच्या नोंदी अशा मागं सरकल्यात. दिवसभराच्या नोंदी मात्र बरोबर आहेत. वडील म्हणायलेत वहीच बरी.

भारतात_परभणी:

😄 बरोबर साडेपाच तासांचा फरक आहे, म्हणजे टाइमझोनचं प्रकरण. भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढं. कॉम्प्युटरच्या घड्याळात आत्ता वेळ बरोबर दिसते का?

आंबाजोगाईकर:

घड्याळ बरोबर आहे हो. मोबाईलशी मिनिटभराचाही फरक नाही.

घाटनांदूर_फाटा:

घड्याळ बरोबर आणि टाइमझोन चुकीचा, असं होऊ शकतं. मशीन फॉरमॅट करणाऱ्यानं झोन बदलायचा सोडून काटेच हातानं फिरवलेले असतात. एक विचारतो, तुम्ही सकाळी पाठवलेला मेल समोरच्याला संध्याकाळच्या वेळेचा दिसतो, अशी तक्रार कुणी केली होती का?

आंबाजोगाईकर:

अहो, आमचे लातूरचे सीए तर कधीचे म्हणतात! "तुमचा अकराचा मेल माझ्याकडं साडेचारचा दिसतो, अजून साडेचार वाजायचेत." तेही थंडरबर्डच वापरतात. आम्हाला वाटायचं चेष्टा करायलेत.

घाटनांदूर_फाटा:

मग तेच आहे. कोपऱ्यातल्या घड्याळावर क्लिक करून तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये जा. 'चेंज टाइम झोन' मध्ये चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली असं एकत्र लिहिलेलं आहे ते निवडा. निवडल्याबरोबर घड्याळ साडेपाच तास पुढं पळेल, घाबरू नका. 'इंटरनेट टाइम' मधून वेळ अपडेट करा किंवा हातानं बरोबर करा. क्रम मात्र हाच ठेवा. मग थंडरबर्ड बंद करून उघडा. तरीही फरक राहिला तर त्याच्या कॅलेंडर सेटिंगमध्ये वेगळा टाइमझोन असतो, तिथं 'एशिया/कोलकाता' ठेवा.

आंबाजोगाईकर:

झालं, १२:३५ ला लग्न लागलं एकदाचं. आता शेवटचं. इथं लाईट गेली की राउटर बंद होतं. कॉम्प्युटर यूपीएसवर थोडा वेळ चालतो. तेवढ्यात तारखा दिसतील का? आणि भावानं मला बदल करायचीही परवानगी दिली आहे, वडिलांना इथूनच नोंद टाकू द्यावी का?

घाटनांदूर_फाटा:

दिसतील. कॅलेंडरच्या नावावर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', तिथं 'ऑफलाइन सपोर्ट'ला टिक असली की शेवटी उतरलेली प्रत मशीनवर राहते. तिथंच किती मिनिटांनी ताजं करायचं तेही आहे, सहसा ३० असतं, तुम्ही ५ करा. गिऱ्हाईक समोर असेल तर थांबू नका, सरळ 'सिंक्रोनाइझ' दाबा.

नोंद टाकण्याचं माझं मत वेगळं आहे. नेट बंद असताना तुम्ही एक तारीख दिली, ती मशीनवरच राहिली, आणि तिकडं भावानं तीच तारीख दुसऱ्याला दिली. नेट आल्यावर दोन्ही नोंदी एकाच दिवशी गुण्यागोविंदानं बसतील. कॅलेंडर काही भांडत नाही, त्याला एका दिवशी कितीही कार्यक्रम चालतात. भांडण तुमच्या दारात होईल. म्हणून काउंटरवर 'रीड ओन्ली' टिक करून ठेवा. बघायचं इथं, तारीख पक्की करायची ती भावाला फोन करूनच, लिहायचं एकानंच.

भारतात_परभणी:

सहमत. आमच्या मामांच्या लॉन्सवर दोन वऱ्हाडं एकाच दिवशी आली होती, आणि तेव्हा कॅलेंडर-बिलेंडर काहीच नव्हतं, दोन वह्या होत्या.

आंबाजोगाईकर:

पटलं. रीड ओन्ली केलं. वडील विचारायलेत, मार्गशीर्षातलं देवीचं नवरात्र दरवर्षी तिथीप्रमाणं आपोआप येईल असं लावता येतं का? त्या दिवसांत बाहेरगावची गर्दी असते.

घाटनांदूर_फाटा:

नाही. गूगल काय आणि थंडरबर्ड काय, 'दरवर्षी' म्हणजे इंग्रजी तारखेनं दरवर्षी. तिथी मागंपुढं होते, ती त्यांना कळत नाही. नवं पंचांग आलं की भावानं तासभर बसून वर्षाच्या तारखा टाकाव्यात, दिवसभराची नोंद म्हणून. तुळशीचं लग्न, नवरात्र, गुरू-शुक्राचा अस्त, सगळं एकदाच. अधिक महिनाही टाका, २०२६ ला ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. ऐन सीझनचा महिना त्यात जातो.

भारतात_परभणी:

फक्त तो महिना 'बंद' म्हणून टाकू नका दादा. लग्नं नसली तरी धोंड्याच्या जेवणाला जावई येतातच, आणि आजकाल ते जेवण हॉल घेऊन करणारेही निघालेत.