ऑफिसात लाजाळू असल्याचा इतका त्रास का होतो?

रातराणी_पुणे: नमस्कार मंडळी. मी एका आयटी कंपनीत टेस्टिंगला आहे, काम चांगलं जमतं पण चार लोकांत बोलायचं म्हटलं की छातीत धडधड सुरू. रोजच्या स्टँडअप मीटिंगमध्ये प्रत्येकाला आपलं काम थोडक्यात सांगावं लागतं, तिथे माझा नंबर येईपर्यंत मनात वाक्यं जुळवत बसते, बाकीचे काय सांगतायत ते डोक्यात शिरतच नाही. सगळे टपरीवर चहाला जातात, मला पण खूप जावंसं वाटतं, पण कोणी हाक मारली नाही तर जागेवरच बसून राहते. घरी आले की गळून गेल्यासारखं होतं, उदास वाटतं. घरचे म्हणतात तू इंट्रोव्हर्ट आहेस, सोडून दे. खरंच सोडून द्यायचं का?

गोदाकाठ: नाही ताई, सोडून नका देऊ. इंट्रोव्हर्ट म्हणजे ज्याला एकटं बरं वाटतं, तो एकट्याने डबा खाऊनही खुश असतो. तुम्हाला जायचंय आणि पाय उचलत नाही, त्रास तिथून होतोय. चीक आणि बस या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये हेच दाखवलं होतं, की लाजाळूपणा वेगळा आणि माणसांची ओढ वेगळी, आणि ज्यांच्यात दोन्ही भरपूर असतं तेच अनोळखी माणसाशी बोलताना सगळ्यात जास्त अवघडतात.

निवृत्त_बँकवाला: आणि तुम्ही एकट्या नाही हो. अमेरिकेत झिंबार्डो या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात लोकांना विचारलं तर साधारण ४० टक्के म्हणाले आम्ही लाजाळू आहोत. आमच्या शाखेत पण होते असे, हिशोबात एकदम पक्के पण बदली नको होती तरी साहेबांना सांगायला गेले नाहीत, मुकाट्याने गेले. फार वाईट वाटायचं.

सई_एचआर: बँकवाले काका म्हणतात ते मी अप्रेझलच्या वेळी दरवर्षी बघते, काम करतो एक आणि दिसतो दुसराच. रातराणी, टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि म्हणूनच भीती टिकून राहते. अल्बर्ट एलिस, ज्यांनी पुढे आरईबीटी ही उपचारपद्धत काढली, ते १९ वर्षांचे असताना न्यूयॉर्कच्या बागेत मुद्दाम अनोळखी बायकांशी जाऊन बोलायचे, महिन्याभरात शंभरेक जणींशी बोलले. डेट एकीनेच कबूल केली, तीही आली नाही, पण भीती गेली. तू एवढं नको करू गं, टीममधल्या एकीलाच आधी विचार, चहाला येतेस का म्हणून. आणि भीतीपायी रजा टाकायची किंवा प्रमोशन नाकारायची वेळ येत असेल तर तो नुसता स्वभाव नाही, सोशल अँग्झायटी, म्हणजे लोकांत वावरण्याची तीव्र भीती, असू शकते, त्यावर सीबीटीचा, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाचा, चांगला उपयोग होतो. मानसिक आरोग्यासाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे.

रातराणी_पुणे: खूप धन्यवाद सगळ्यांना, वाचून जरा हलकं वाटलं. मॅनेजरला हे सांगून ठेवू का?

सई_एचआर: माणूस समजूतदार असेल तर सांग, पण एकट्यात गाठून, आणि काय हवंय ते स्पष्ट माग. मीटिंगचे मुद्दे आदल्या दिवशी मेलवर मिळाले आणि स्टँडअपला तुझा नंबर पहिला लावला तरी पुष्कळ फरक पडेल.