टीव्हीवरच्या गप्पांत रॉकवाल्याने बसायचं कसं? (तिसऱ्यांदा बोलावणं आलंय)

सातरस्ता_गिटार

नमस्कार मंडळी. आमचा चार जणांचा बँड आहे. जुळे सोलापुरात मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत प्रॅक्टिस. दिवसा मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो, म्हणजे खोकी मोजतो. रात्री गिटार.

तर गावातल्या एका केबल चॅनलवर (नाव घेत नाही, गाव लहान आहे) आम्ही दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा पार पोपट झाला.

पहिल्यांदा दिवाळीत. फोनवर म्हणाले, नुसत्या गप्पा आहेत, गिटार तेवढी आणा, फ्रेममध्ये छान दिसते. अँप (गिटारचा आवाज मोठा करणारा डबा) नको, जागा नाही. गेलो. सहाव्या मिनिटाला निवेदक म्हणतात, "तर आपल्या प्रेक्षकांसाठी थोडंसं वाजवून दाखवा!" अहो, इलेक्ट्रिक गिटार आहे. अँपशिवाय ती वाजते म्हणजे डब्याला रबरबँड लावून पोरं वाजवतात तशी. तरी वाजवली. चाळीस सेकंद. शर्टाला लावलेल्या माइकमध्ये तारांपेक्षा माझा श्वास जास्त आला. निवेदकांनी डोळे मिटून मान डोलावली आणि म्हणाले, "मन प्रसन्न झालं." घरी आलो तर आईने विचारलं, "मधे आपल्या टीव्हीचा आवाज गेला होता का रे?"

मग ते ड्रमरकडे वळले. "तुम्ही पूर्व भागातले, विणकरांच्या वस्तीतले. म्हणजे ताल यंत्रमागावरच शिकलात!" त्याचे वडील विमा एजंट आहेत. घरात माग कधीच नव्हता. पण गडी घाबरून "हो" म्हणाला. आता गल्लीत त्याला "मागवाला" म्हणतात.

दुसरी वेळ उन्हाळ्यात. या वेळी शेंगाचटणी आणि राशिभविष्य यांच्या मधल्या जागेत आम्हाला बसवलं होतं. ताईंनी माझ्यापुढे उखळ सरकवलं, बोलता बोलता कुटा म्हणाल्या. विचारलं, "रॉक म्हणजे नक्की काय हो?" मी म्हणालो, "म्हणजे... जरा जोरात असतं." त्या म्हणाल्या, "मग तसंच कुटा!"

पुढे प्रेक्षकांचे फोन. पहिला: लग्नात वाजवता का, बँजो आहे का. दुसरे काका विजापूर रोडचे. मिरवणुकीतल्या डीजेने त्यांच्या खिडक्या हादरतात आणि ते म्हणे आमच्यासारख्यांमुळे. मी काय म्हणालो असेन? "सॉरी काका." आयुष्यात मी डीजेला हात लावलेला नाही.

आता गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत, शनिवारी, परत बोलावलंय. वीस मिनिटं गप्पा, एक गाणं. आमचा गाणारा म्हणतो जायचंच नाही. मला जायचंय. आमची स्वतःची तीन गाणी तयार आहेत आणि हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहाचं भाडं आमच्या खिशाबाहेरचं आहे. टीव्हीवर निदान आईच्या भिशीतल्या बायका तरी ऐकतील. कुणाला अनुभव आहे का? तिथं बसायचं कसं, बोलायचं काय?

चटणी_भाकरी

बँजो आहे का नाही ते सांगितलंच नाहीस बे.

निवृत्त_कॅशियर

पोरा, तुझं वाचून आधी हसलो, मग वाईट वाटलं. मी चौतीस वर्षं बँकेत काचेच्या आड बसलो. कमीत कमी शब्दांत माणूस वाटेला लावायचा, हाच धंदा. त्यामुळे न बोलणाऱ्यांबद्दल मला आपुलकी आहे. हल्ली रात्री झोप येत नाही, तेव्हा यूट्यूबवर गोऱ्या वाजवणाऱ्यांच्या जुन्या मुलाखती बघत बसतो. बायको म्हणते, गाणी सोडून गप्पा कसल्या बघता. पण गाण्यात ते सगळे शूर असतात. खुर्चीत बसवलं की खरं कळतं.

तुझ्या उखळाआधी एक सायकल होऊन गेली आहे. १९६३ साली अमेरिकन टीव्हीवर स्टीव्ह अॅलनच्या कार्यक्रमात बावीस वर्षांचा फ्रँक झॅपा आला होता, जो पुढे मोठा रॉकवाला झाला. तेव्हा दाढीमिशी नाही, सूट-टाय घातलेला गुळगुळीत पोरगा. आणल्या काय, तर दोन सायकली, वाद्य म्हणून. स्पोक छेडले, त्यावर गज फिरवला, हँडलच्या नळीत फुंकर मारली. अॅलन विनोदावर विनोद करत होता, लोक खिदळत होते. विचारलं, सायकल किती दिवसांपासून वाजवतोस? तर हा म्हणाला, साधारण दोन आठवडे. चेहरा सरळ. शेवटी त्याने स्टुडिओच्या वाद्यवृंदाला सूचना दिल्या आणि त्या सगळ्या मोठ्या माणसांना आपल्या सायकलीबरोबर चित्रविचित्र आवाज काढायला लावले. अॅलनसुद्धा सायकल वाजवत होता. थट्टा त्याचीच चालली होती, पण घरात पाहुणा कोण आणि मालक कोण, हे शेवटी सांगता येत नाही. तू उखळ कुटत "सॉरी काका" म्हणालास. त्याच उखळावर ड्रमरला बसवून ठेका धरायला लावला असतास तर?

दुसरा, माझा लाडका, बीटल्समधला गिटारवाला जॉर्ज हॅरिसन. २३ नोव्हेंबर १९७१, अमेरिकेतला डिक कॅव्हेटचा गप्पांचा कार्यक्रम. बीटल्स बँड फुटलेला. हा माणूस खुर्चीत असा बसलाय की पेन्शनच्या रांगेत उभं केलंय. कॅव्हेट एक टोक टाकतो, हा दोन शब्दांत दोर कापतो. थोड्या दिवसांपूर्वी त्याच कार्यक्रमात बीटल्समधलाच जॉन लेनन आणि त्याची बायको योको येऊन गेले होते. बँड फुटला तो तिच्यामुळे, असं लोक म्हणायचे. कॅव्हेट म्हणाला, योको याच खुर्चीत बसली होती, तर हॅरिसन विंचू चावल्यासारखा उठला. लोक हसले, की पुन्हा शांतता. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कॅव्हेटची दया आली.

पण पुढे बघ. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी हॅरिसनने कार्यक्रम केला होता, रविशंकरांच्या सांगण्यावरून. त्याची रेकॉर्ड कंपनीत अडकून पडली होती. तो विषय निघाला आणि मघाचा मुका माणूस तापला. कंपनीचे प्रमुख आपले भास्कर मेनन. हा थेट टीव्हीवर म्हणाला की नाहीतर मी स्वतःच काढतो, भास्करने खुशाल खटला भरावा! रेकॉर्ड डिसेंबरात निघाली. नंतर रविशंकरही येऊन बसले आणि हॅरिसनचे खांदेच खाली आले. तंबोरा लागल्यावर गवयाचे येतात तसे.

म्हणजे त्याला बोलता येत नव्हतं असं नाही. जे विचारत होते त्यावर बोलायचं नव्हतं, एवढंच.

(याच कॅव्हेटने १९६९च्या सप्टेंबरात गिटारवाल्या जिमी हेंड्रिक्सला वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात वाजवलेल्या अमेरिकन राष्ट्रगीताबद्दल छेडलं होतं, रुळलेली वाट सोडून वाजवलंस म्हणून. हेंड्रिक्सने शांतपणे सांगितलं की तसं काही नाही, मला ते सुंदर वाटलं. संपलं. तुझ्या विजापूर रोडच्या काकांना असंच उत्तर लागतं.)

आणि तुमचा गाणारा येत नाही म्हणतो ना, त्याला आर.ई.एम. या अमेरिकन बँडचा गाणारा मायकेल स्टाइप दाखव. ऑक्टोबर १९८३, लेटरमनचा टीव्हीवरचा गप्पांचा कार्यक्रम. गाणं झालं, लेटरमन बोलायला आला, तर गाणाराच ड्रमच्या चौथऱ्यावर जाऊन खाली बसला. बोलायला गिटारवाला आणि बेसवाला पुढे. कुणाचं काही बिघडलं नाही. लगेच त्यांनी दुसरं गाणं वाजवलं, ज्याला तेव्हा अजून नावसुद्धा नव्हतं. चौघांनी चार खुर्च्यांवर बसून एकेक वाक्य वाटून घ्यायला ती काय शिधावाटप आहे?

बेसलाइन_होटगीरोड

काका, भारी लिहिलंत, पण तुम्ही सगळे जिंकलेले सांगितले. सेक्स पिस्टल्स हा इंग्लंडचा पंक बँड विसरलात? १ डिसेंबर १९७६, लंडनचा संध्याकाळचा कार्यक्रम, निवेदक बिल ग्रंडी. खरं तर क्वीन बँड यायचा होता, त्यांच्या गाणाऱ्या फ्रेडी मर्क्युरीची दाताच्या डॉक्टरकडे वेळ होती म्हणून ही पोरं ऐनवेळी आली. ग्रंडीनेच डिवचलं, काहीतरी खळबळजनक बोला म्हणून. त्यांनी शिव्याच दिल्या. सगळं थेट प्रक्षेपण, चहाच्या वेळेला, घराघरात. दुसऱ्या दिवशी पेपरच्या पहिल्या पानावर. दौऱ्यातले बहुतेक कार्यक्रम रद्द, महिनाभरात कंपनीने करार मोडला. ग्रंडीला दोन आठवडे घरी बसवलं.

सगळे म्हणतात, त्यानेच ते प्रसिद्ध झाले. असतील. पण लंडनमध्ये कार्यक्रम रद्द झाला तर दुसरं गाव आहे. इथं पार्क चौकात एकाने तोंड वाकडं केलं की कन्ना चौकापर्यंत कळतं. आणि याचे मालक पण बघत असतील की टीव्ही.

निवृत्त_कॅशियर

मान्य. पण त्यात चूक पोरांची कमी, ग्रंडीची जास्त. त्याला ती आवडत नव्हती आणि ते त्याने लपवलं नाही. आपल्या गड्याला बोलावणारे तसे नाहीत. त्यांना तो आवडतो, फक्त तो काय करतो ते माहीत नाही. डोळे मिटून मान डोलावणाऱ्या माणसावर रागावता येत नाही, हीच पंचाईत आहे.

कॅमेऱ्यामागची

दादा, मी अशाच एका चॅनलवर (तुमचं नव्हे) पाच वर्षं काम केलंय. कार्यक्रम ठरवायचा, पाहुणे आणायचे, फुलदाणी पुसायची, सगळं मीच. काकांच्या सायकली मस्त आहेत, पण तुम्हाला शनिवारी काय करायचं ते मी सांगते.

निवेदकाला पाहुण्याची माहिती कधी मिळते? तुम्ही चहा पीत असता तेव्हा. दिवसाला तीन-चार मुलाखती काढतात, सकाळी दंतवैद्य, दुपारी यात्रेतल्या नंदीध्वजाचे मानकरी, संध्याकाळी तुम्ही. त्याला शून्य माहीत असतं आणि वीस मिनिटं भरायची असतात. म्हणून तो "पूर्व भाग" ऐकलं की यंत्रमाग पकडतो. बुडत्याला काडी! तेव्हा आदल्या दिवशी एका कागदावर मोठ्या अक्षरात पाच प्रश्न लिहून पाठवा, ज्यांची उत्तरं तुम्हाला द्यायची आहेत. अपमान वगैरे वाटत नाही कुणाला, उलट जीव भांड्यात पडतो. बँडचं नाव इंग्रजी असेल तर उच्चार देवनागरीत लिहा. चौघांची नावं, बसायच्या क्रमाने, डावीकडून.

गिटारसाठी बॅटरीवरचा छोटा अँप मिळतो, डब्याएवढा. तो न विचारता घेऊन जा. विचारलंत तर नाही म्हणतील, आणलात तर कोपऱ्यात ठेवतील. ड्रमच्या ऐवजी काहोन न्या, ती बसून वाजवायची लाकडी पेटी. तुमचा ड्रमर स्टुलासारखा तिच्यावरच बसेल, म्हणजे खुर्चीचाही प्रश्न मिटला. माइक कॉलरला लावू नका, गिटारचा पट्टा घासतो आणि खरखर येते. दुसऱ्या बाजूला, जरा खाली. बारीक रेघांचा शर्ट नको, पडद्यावर लहरी उठतात. मागे हिरवा पडदा असेल (हिरव्याच्या जागी दुसरं चित्र टाकतात) तर हिरवं काहीही नको, नाहीतर तुमच्या पोटातून सिद्धेश्वर तलाव दिसेल. माझ्या एका पाहुण्याचा दिसला होता.

आणि गाणं शेवटी ठेवतात, तिथंच फसतं. वेळ संपते आणि दुसऱ्या कडव्यात जाहिरात येते. आधीच सांगा, गाणं पहिलं. वाजवून झालं की माणूस निम्मा मोकळा होतो.

सातरस्ता_गिटार

शनिवारी रेकॉर्डिंग झालं. लाइव्ह नव्हतं, म्हणून फोन नाहीत, विजापूर रोडचे काका सुटले. की मी सुटलो?

ताई, कागद पाठवला होता. पाचपैकी तीन प्रश्न विचारले. चौथ्याच्या जागी "आईवडिलांना काय वाटतं?" आलाच. गाणं पहिलं घ्यायला तयार झाले. अँप नेला, पण बॅटरी चार्ज करायची राहिली. प्लग शोधला तर एकच बोर्ड, त्यावर पंखा आणि निवेदकांच्या तोंडावरचा दिवा. पंखा काढला. जानेवारी असला तरी सोलापूर आहे, आणि त्या खोलीला खिडकी नाही. आम्ही पाच जण घामाने निथळत होतो, पण आवाज आला! खरा आवाज. निवेदक पहिल्या कॉर्डला खुर्चीत मागे सरकले. या वेळी डोळे उघडे होते.

गाणारा आला होता. काकांचा स्टाइप दाखवला त्याला. गाणं संपल्यावर तो काहोनच्या मागे जाऊन जमिनीवर बसला, तर कॅमेरामन म्हणाला, "ओ, ते फ्रेममधून गेले." कुणी उठवलं नाही.

ड्रमरला परत विचारलं, "यंत्रमागाचं सांगा ना." तो म्हणाला, "साहेब, वडील विमा एजंट आहेत." निवेदक क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मग हप्त्यासारखा ताल चुकत नसेल!" आम्ही सगळे खरंच हसलो. काकांनी सांगितलं तसं, रागावता येत नाही.

बँजो नाही, चटणीभाऊ. पण रेकॉर्डिंगनंतर लाइटवाल्याने हळूच विचारलं, मेव्हण्याच्या हळदीला याल का. बघतोय.

रविवारी सकाळी साडेसातला दाखवणार आहेत, भक्तिगीतांनंतर.

चटणी_भाकरी

हळदीला किती घेणार ते सांग की बे.

निवृत्त_कॅशियर

रविवार आमच्याकडे पाण्याचा दिवस आहे. साडेसातला मी मोटारीपाशी असणार, चार दिवसांचं भरायचं असतं. कुणीतरी फोनवर काढून ठेवा. पंखा बंद केल्यानंतरचा भाग तर नक्कीच.